ओंडक्याखालचा जीव

पावसाळा तोंडावर आला की परसातली साफसफाई निघते. वर्षभर एका जागी पडून राहिलेला कुजका ओंडका आपण बाजूला सारतो आणि त्याच्याखाली एक अनोळखी वस्ती उघडी पडते. पैसा किडे अंगाची वेटोळी करतात, मुंग्या आपली अंडी तोंडात धरून पळू लागतात, गांडुळे ओल्या मातीत शिरतात. शेजारी उभे असलेले मूल विचारते, "हे काय आहे?" ठाऊक असल्यास आपण त्याला नाव सांगतो, परंतु आपल्या मनातले प्रश्न निराळेच असतात. हे विषारी तर नाही? याचा काही उपयोग आहे का? ठेवावे की मारावे?

या प्रश्नांत गैर असे काही नाही. ज्याला घर चालवायचे आहे, मुलाबाळांना जपायचे आहे, त्याला ते विचारावेच लागतात. परंतु त्यांच्या तळाशी आणखी एक प्रश्न दडलेला असतो आणि तो आपण सहसा स्वतःला विचारीत नाही. जो जीव आपल्या उपयोगाचा नाही, आपल्या दृष्टीसही पडत नाही, ज्याच्या असण्यानसण्याने आपल्या संसारात तिळमात्र फरक पडत नाही, त्याला काही मोल आहे काय? असल्यास ते त्याला कोणी दिले? हा प्रश्न केवळ प्राणिशास्त्राचा नाही. आकाश व पृथ्वी निर्माण करणाऱ्या परमेश्वरावर आपली श्रद्धा आहे असे दर रविवारी मिस्सामध्ये मोठ्याने म्हणणाऱ्या तुम्हांआम्हांला तो टाळता येण्याजोगा नाही.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी आम्ही मुद्दामच एक दूरदेशीचा जीव निवडला आहे. जवळच्या प्राण्यांचा विचार करू लागलो की आपले हिशेब मध्ये येतात. गाय दूध देते, उंदीर धान्य खातो, साप चावतो. ज्याचे आपल्याकडे काही घेणे नाही आणि आपले ज्याच्याकडे काही देणे नाही, अशा जीवाविषयीचा निवाडा कदाचित अधिक निर्मळ मनाने करता येईल.

उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात, कॅनडातील क्वेबेकपासून दक्षिणेस नॉर्थ कॅरोलिनापर्यंत आणि पश्चिमेस मिनेसोटापर्यंत, ओक, मेपल, बीच अशा पानझडी वृक्षांची अरण्ये पसरलेली आहेत. त्यांच्या पालापाचोळ्याखाली लाल पाठीचा सॅलमँडर राहतो. सॅलमँडर हा बेडकाच्या नात्यातला उभयचर प्राणी. दिसायला पालीसारखा, मात्र पालीच्या अंगावर खवले असतात, याची कातडी उघडी, मऊ आणि सदैव ओलसर. लांबी साधारण ६ ते १० सेंटिमीटर, म्हणजे आपल्या बोटाएवढी. वजन सुमारे एक ग्रॅम. पाठीवर मानेपासून शेपटीपर्यंत विटकरी रंगाचा पट्टा. काहींच्या पाठीवर हा पट्टा नसतो. ते सबंध शिशाच्या रंगाचे असतात. १८१८ साली जेकब ग्रीन या अमेरिकन अभ्यासकाने या दोन रूपांना दोन निरनिराळ्या जाती समजून दोन नावे दिली. पुढे उमगले की एकाच मादीच्या एकाच वेळच्या पिल्लांत दोन्ही रंगांची भावंडे निघू शकतात. दोन नावांपैकी राखी रंगावरून दिलेले नाव टिकले. 'प्लेथोडॉन सिनेरियस' या आजच्या शास्त्रीय नावातील दुसऱ्या शब्दाचा अर्थ 'राखेच्या रंगाचा' असा आहे. राखेच्या बुधवारी कपाळावर राख लावून घेणाऱ्या आपल्यासारख्यांना ते नाव लक्षात ठेवणे अवघड जाऊ नये.

या जीवाला फुफ्फुसे नाहीत. तो त्वचेतून आणि तोंडाच्या आतल्या अस्तरातून श्वास घेतो. त्वचा ओली असेल तरच प्राणवायू आत शिरतो. ती कोरडी पडली की जीव गुदमरतो. त्यामुळे त्याचे सारे आयुष्य ओलाव्याशी बांधलेले आहे. दिवसा तो ओंडक्याखाली, दगडाखाली, पानांच्या थराखाली लपून असतो आणि रात्री, विशेषतः पावसाच्या रात्री, बाहेर पडून भक्ष्य शोधतो. कोळी, मुंग्या, वाळवी, भुंग्यांच्या अळ्या आणि डोळ्यांना जेमतेम दिसतील असे मातीतले सूक्ष्म कीटक हे त्याचे अन्न. उन्हाळ्यात माती सुकली की तो खोल जातो. हिवाळ्यात जमीन गोठू लागली की जिथवर गोठण पोहोचत नाही तिथवर खाली उतरतो. कोणत्याही एका वेळी त्यांच्यापैकी थोडेच जमिनीच्या पृष्ठभागाजवळ असतात; बाकीचे मातीच्या पोटात. ज्या अरण्यात माणसे पिढ्यानपिढ्या लाकूड तोडीत आली, तेथेच तो असतो आणि बहुतेकांनी त्याला कधी पाहिलेले नसते.

काही चौरस मीटरांचा तुकडा हे त्याचे जग. तेथून उचलून ९० मीटर दूर नेऊन सोडले तरी काही सॅलमँडर आपल्या जागी परत आल्याची नोंद आहे. नाकपुडीपासून वरच्या ओठापर्यंत एक बारीक खोबण असते. नाक जमिनीला टेकवत तो चालतो आणि त्या खोबणीतून वास वर चढतो. कोण येऊन गेले, कोणाची हद्द कोठवर, हे त्याला वासावरून कळते. व्हर्जिनिया राज्यातील डोंगरांत रॉबर्ट येगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षे या प्राण्याच्या वागणुकीचा अभ्यास केला. नर आपल्या हद्दीत विष्ठेच्या गोळ्या टाकून ठेवतो आणि मादी त्या तपासून पाहते, असे त्यांना दिसून आले. पोषक वाळवी खाणारा नर तिला मुंग्यांवर गुजराण करणाऱ्या नरापेक्षा अधिक पसंत पडतो. स्थळ पाहायला गेलेली आपली वडीलधारी मंडळी मुलाच्या घरचे धान्याचे कणगे नजरेखालून घालीत, त्यातलाच हा प्रकार!

बेडकासारखे बहुतेक उभयचर पाण्यात अंडी घालतात. पिल्ले कल्ल्यांनी श्वास घेत पाण्यात वाढतात आणि मग जमिनीवर येतात. लाल पाठीच्या सॅलमँडरने पाण्याची ही पायरी सोडून दिली आहे. जून-जुलैच्या सुमारास मादी कुजक्या ओंडक्यातील एखाद्या पोकळीत अर्धा डझनभर अंडी घालते. द्राक्षांच्या लहानशा घोसासारखी ती पोकळीच्या छताला लोंबत असतात. मादी त्यांच्याभोवती अंग वळवून बसते, ती सहा ते आठ आठवडे. या काळात ती फारसे खात नाही. अंडी सुकू नयेत, त्यांना बुरशी लागू नये, दुसऱ्या कोणी ती खाऊ नयेत, एवढेच तिचे काम. कल्ल्यांची अवस्था अंड्यातच सरते आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जे बाहेर पडते ते सर्व अवयवांनी पूर्ण असे दोनेक सेंटिमीटरांचे पिल्लू. उत्तरेकडील अरण्यांत मादी साधारणपणे एक वर्षाआड अंडी घालते. एका खेपेपुरता साठा अंगात जमवायला तिला तेवढा काळ लागतो.

येथे मातृप्रेमावर चार शब्द बोलण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा. हीच मादी कधी आपल्यांपैकी खराब झालेले अंडे खाऊन टाकते, आणि दुसरीची अंडी सापडली तर तीही खाते. व्हर्जिनियातील शेनांडोआ राष्ट्रीय उद्यानात केवळ तीन शिखरांवर राहणारा एक सॅलमँडर आहे; त्याला शेनांडोआ सॅलमँडर असेच नाव आहे. लाल पाठीच्या या भाऊबंदाने ओलसर माती बळकावल्यामुळे तो दगडगोट्यांच्या कोरड्या उतारांवर कसाबसा तग धरून आहे. १९८९ साली अमेरिकेच्या सरकारने त्याची नोंद संकटग्रस्त जातींत केली. तेव्हा आपला हा लहानसा जीव संत नाही, आणि त्याला दुष्ट म्हणण्यातही अर्थ नाही. तो सॅलमँडर आहे आणि सॅलमँडरासारखा वागतो.

हे असे जीव असतात तरी किती? १९७५ साली टॉमस बर्टन आणि जीन लायकेन्स या शास्त्रज्ञांनी न्यू हॅम्पशायर राज्यातील हबर्ड ब्रूक या प्रायोगिक अरण्यातल्या सॅलमँडरांची मोजदाद प्रसिद्ध केली. एका हेक्टरात, म्हणजे सुमारे अडीच एकरांत, अदमासे २,९५० सॅलमँडर निघाले. त्यांत बहुसंख्य लाल पाठीचेच होते. या सर्वांचे एकत्रित वजन पावणेदोन किलोच्या आसपास भरले. एका पिशवीत मावेल एवढेच. परंतु त्याच अरण्यातील पक्ष्यांच्या एकूण वजनाशी ताडून पाहिले, तर पक्ष्यांच्या ऐन विणीच्या हंगामातही सॅलमँडरांचे वजन त्यांच्या दुप्पट होते. उंदीर-चिचुंद्र्यांसारख्या लहान सस्तन प्राण्यांच्या वजनाची ते जवळजवळ बरोबरी करीत होते. अरण्यात गेलेला माणूस पक्ष्यांची गाणी ऐकून परततो आणि अरण्य पक्ष्यांचे आहे असे समजतो. त्याच्या पायाखाली पक्ष्यांच्या दुपटीने जीवन निःशब्द श्वास घेत असते.

एवढी संख्या आहे म्हटल्यावर 'उपयोग काय' हा प्रश्न पुन्हा पुढे येणारच. शास्त्रज्ञांनीही तो विचारला, आणि त्यांचे उत्तर आपल्या विवेचनाच्या दृष्टीने फार बोधप्रद आहे. रिचर्ड वायमन यांनी न्यूयॉर्क राज्यातील अरण्यात कुंपणे घालून प्रयोग केले आणि १९९८ साली निष्कर्ष मांडला. पाने कुरतडून त्यांचा चुरा करणारे कीटक सॅलमँडर खातो. त्यामुळे जेथे सॅलमँडर होते तेथे पाने कुजण्याचा वेग ११ ते १७ टक्क्यांनी कमी राहिला. पाने सावकाश कुजली म्हणजे त्यांतील कार्बन हवेत जाण्याऐवजी अधिक काळ जमिनीत राहतो. पृथ्वीचे तापमान वाढत असल्याच्या चिंतेत असलेल्या जगाला ही वार्ता आनंदाची वाटली. इवलासा सॅलमँडर मानवजातीच्या उपयोगी पडत होता!

पुढे २०१४ साली डॅनियल हॉकिंग आणि किंबर्ली बॅबिट यांनी याच प्राण्यावर केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांना पाने कुजण्यावर सॅलमँडरचा तसा ठळक परिणाम आढळला नाही. यात कोणाची लबाडी नाही, की चूकही असेलच असे नाही. अरण्ये निरनिराळी, हवामान निराळे, प्रयोगाची रीत निराळी. शास्त्र असेच एकेक पाऊल पुढे जाते.

परंतु आपण थोडे थांबून विचार करू. ज्यांनी सॅलमँडरचे मोल त्याच्या उपयोगावर ठरवले, त्यांनी आता काय म्हणावे? १९९८ साली ते मोल वाढले आणि २०१४ साली उतरले असे समजावे काय? ओंडक्याखाली अंड्यांभोवती अंग वळवून बसलेल्या मादीत या सोळा वर्षांत काहीच बदललेले नव्हते. बदलली होती ती तिच्याविषयीची आपली माहिती. मोल जर उपयोगावर अवलंबून असेल, तर ते त्या जीवाच्या ठायी नसून आपल्या वहीत असते, आणि वही बदलली की तेही बदलते.

याची दुसरी बाजू गांडुळाच्या गोष्टीत दिसते. आपण शेतकऱ्यांची मुले. गांडूळ हा शेतकऱ्याचा मित्र, हे आपण शाळेतल्या पुस्तकात शिकलो आणि ते आपल्या मातीत खरेच आहे. परंतु अमेरिकेच्या उत्तरेकडील अरण्यांची जमीन सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी प्रचंड हिमथरांखाली होती. बर्फ हटल्यावर तेथे जी अरण्ये वाढली ती गांडुळांवाचून वाढली. सॅलमँडर दक्षिणेकडून हळूहळू, पिढी दर पिढी सरकत तेथे पोहोचला. गांडुळे पुढे युरोपीय वसाहतवाल्यांबरोबर झाडांच्या मुळांच्या मातीतून आणि मासे पकडणाऱ्यांच्या आमिषाच्या डब्यांतून तेथे आली आणि पालापाचोळ्याचा थर फस्त करू लागली. तो थर विरळ झाला की सॅलमँडरचे छप्पर आणि अन्न दोन्ही जाते. जेथे परकीय गांडुळे वाढली तेथे अरण्यातील सॅलमँडर कमी झाल्याचे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले. म्हणजे एका मुलखातला मित्र दुसऱ्या मुलखात घर मोडणारा ठरतो. उपयोगी आणि निरुपयोगी ही पाटी आपण प्राण्याच्या गळ्यात अडकवतो खरी, पण ती त्याच्या कातडीला चिकटलेली नसते.

प्राण्याचा असा 'उपयोग' करून घेण्यात आपली धर्मपरंपराही मागे राहिली नाही, हे प्रांजळपणे कबूल करायला हवे. सॅलमँडर आगीत जगतो, इतकेच नव्हे तर आपल्या थंड अंगाने आग विझवतो, अशी समजूत प्राचीन युरोपात होती. रोमन ग्रंथकार प्लिनीने तिची नोंद केली आहे. तेथील सॅलमँडर अमेरिकेतल्या आपल्या जीवाहून निराळा, काळ्यापिवळ्या रंगाचा. परंतु तोही ओंडक्यात दडणारा. चुलीत घातलेल्या लाकडातून तो धडपडत बाहेर पडताना लोकांनी पाहिला असावा आणि त्यावरून ही कथा जन्मली असावी, असे मानले जाते. संत ऑगस्टीन यांनी 'देवाचे नगर' या ग्रंथाच्या एकविसाव्या भागात नरकाग्नीत देह जळूनही नष्ट कसा होत नाही, याची चर्चा करताना सॅलमँडरचा दाखला दिला. त्याच प्रकरणात, मोराचे मांस शिजवल्यावर दीर्घकाळ टिकते हे आपण स्वतः पडताळून पाहिल्याचे ते सांगतात. सॅलमँडरच्या बाबतीत मात्र त्यांनी जुन्या लेखकांवर भिस्त ठेवली. बिचाऱ्या ओल्या कातडीच्या जीवाला, ज्याला उन्हाची तिरीपही सोसत नाही, शतकानुशतके नरकाच्या साक्षीदाराचे काम करावे लागले!

तथापि त्याच ऑगस्टीन यांनी त्याच ग्रंथाच्या बाराव्या भागात जे लिहिले आहे, ते आपल्या प्रश्नाच्या मुळाशी जाणारे आहे. निर्मितीची पारख आपल्या सोयी-गैरसोयीच्या मापाने करू नये. प्रत्येक वस्तू आपल्या स्वतःच्या स्वरूपातच आपल्या कर्त्याचा गौरव करते, असा त्यांचा आशय आहे. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी हा विचार पुढे नेला. सृष्टीत इतके नाना प्रकार कशासाठी, असा प्रश्न त्यांनी उपस्थित केला. त्यांचे उत्तर असे की परमेश्वराचे चांगुलपण कोणत्याही एका निर्मितीत मावणारे नाही. एकीत जे उणे राहते ते दुसरी भरून काढते. या दृष्टीने पाहिले तर पक्षी जे सांगतो ते सॅलमँडरला सांगता येत नाही, आणि फुफ्फुसांवाचून, आवाजावाचून, पाण्यावाचून अंधारात वंश वाढवणारा हा सॅलमँडर जे सांगतो ते पक्ष्याला सांगता येणार नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथानेही प्रत्येक जीवाला त्याचे स्वतःचे चांगुलपण व पूर्णत्व असल्याचे म्हटले आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात हाच धागा उचलला. नामशेष झालेला प्रत्येक जीव आपल्या अस्तित्वाने परमेश्वराचा जो गौरव करीत होता तो कायमचा थांबतो आणि असे घडवून आणण्याचा आपल्याला अधिकार नाही, असे त्यांनी बजावले.

पवित्र शास्त्राचा सूरही हाच आहे. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात सरपटणारे जीव मानवाच्या आधी निर्माण होतात आणि मानवाने त्यांचा उपयोग शोधण्याआधीच परमेश्वराला ते चांगले दिसतात. ईयोबाच्या ग्रंथात दुःखाने पिळून निघालेला ईयोब देवाला जाब विचारतो, तेव्हा देव त्याच्यापुढे कोणाला उभे करतो? जेथे एकही मनुष्य राहत नाही अशा ओसाड भूमीवर पडणारा पाऊस, कड्याकपारीत वीण घालणारी रानशेळी, कोणाचे ओझे न वाहणारे रानगाढव, अंडी वाळूत टाकून विसरणारा शहामृग! ईयोबाच्या कामाचे त्यांत काहीच नाही. जगाचा कारभार ईयोबाच्या अंगणापुरता नाही, हे त्याला दाखवायचे आहे.

येथे एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. ज्या देशात माणसाला औषधपाण्याची ददात आहे, तेथे ओंडक्याखालच्या जीवाची चिंता म्हणजे भरल्या पोटाचे चोचले नव्हेत काय? मानव देवाच्या प्रतिमेत घडला, सॅलमँडर नव्हे. हे खरेच आहे. ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षण ग्रंथही एकीकडे प्राण्यांना विनाकारण यातना देणे मानवी प्रतिष्ठेला न शोभणारे ठरवतो, आणि दुसरीकडे माणसाच्या दुःखनिवारणासाठी खर्चायला हवा तो पैसा प्राण्यांवर उधळणेही अयोग्य ठरवतो. चुलीला लाकूड लागते, घराला वासे लागतात, रुग्णाला औषध लागते. प्रभू येशूनेही शिष्यांना सांगितले की पुष्कळ चिमण्यांपेक्षा त्यांचे मोल अधिक आहे.

पण त्या चिमण्यांचा हिशेब नीट पाहण्यासारखा आहे. मत्तयच्या शुभवर्तमानात एका नाण्याला दोन चिमण्या मिळतात. लूकच्या शुभवर्तमानात दोन नाण्यांना पाच. दोनाला एक या भावाने चारच व्हायला हव्यात. पाचवी विक्रेत्याने वरकड म्हणून घातली आहे. बाजारात तिची किंमत शून्य. आणि तेथेच प्रभू सांगतो की त्यांतल्या एकीचाही देवाला विसर पडत नाही. माणसाचे मोल अधिक, हे सांगण्यासाठी त्याने चिमणीचे मोल पुसून टाकले नाही. उलट ते गृहीत धरूनच पुढचे वाक्य उच्चारले. चिमणी कवडीमोल असती, तर तिच्यापेक्षा अधिक असण्यात माणसाला कसला आला मोठेपणा?

तेव्हा आमच्या समजुतीप्रमाणे निवाडा असा आहे. माणसाला गरजेपुरते घेण्याचा अधिकार आहे. परंतु घेताना कारण देण्याची जबाबदारी घेणाऱ्याची आहे. आपण कशासाठी जगावे, हे सॅलमँडरने सिद्ध करायचे नाही; आपण त्याचे छप्पर कशासाठी काढतो, हे आपण सांगायचे. पश्चिम नॉर्थ कॅरोलिनातील अरण्यांत सरसकट वृक्षतोडीमुळे दरवर्षी सुमारे १ कोटी ४० लाख सॅलमँडर नाहीसे होत असावेत, असा अंदाज जेम्स पेट्रँका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली मांडला होता. तोडलेल्या अरण्यात ते पुन्हा पूर्ववत व्हायला काही दशके लागतात की त्याहूनही अधिक, यावर पुढे अभ्यासकांत मतभेद झाले. त्या लाकडातून घरे उभी राहिली असतील, कागद झाला असेल. त्यांतला बराचसा आवश्यकही असेल. परंतु लाकडाच्या हिशेबात एवढ्या जीवांची एक ओळही नव्हती. दोष आम्हांला तेथे दिसतो. किंमत मोजून घेणे आणि किंमत आहे याचे भानच नसणे, या दोहोंत सद्सद्विवेकबुद्धीच्या दृष्टीने मोठे अंतर आहे.

आता दूरदेशीचा हा जीव बाजूला ठेवून पुन्हा आपल्या अंगणात येऊ. महाराष्ट्रात सॅलमँडर नाहीत. भारतात त्यांच्या कुळातले प्राणी दार्जिलिंग व त्यापलीकडील पूर्वेच्या डोंगराळ भागातच आढळतात. परंतु सह्याद्रीच्या आणि कोकणाच्या मातीत त्यांचा एक दूरचा नातलग राहतो. त्याला आपल्याकडे देवगांडूळ म्हणतात. तो गांडूळ नाही आणि सापही नाही. तो पाय नसलेला उभयचर आहे. तोही मातीच्या अंधारात असतो, किडे-गांडुळे खातो, आणि त्याच्या काही जातींची मादीसुद्धा अंड्यांभोवती वेटोळे घालून बसते. माणसाला त्याच्यापासून काहीही अपाय होत नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आंबोलीहून त्याची एक नवी जात शास्त्राला २००३ साली ठाऊक झाली, निसर्गाभ्यासक जे. सी. डॅनियल यांच्या नावावरून तिचे नाव ठेवण्यात आले. म्हणजे आपल्या पायाखालचा हा शेजारी एकविसावे शतक उजाडेपर्यंत निनावी होता. आणि पावसाळ्यात तो कुदळीखाली वर आला, की त्याच्या वाट्याला बहुधा काय येते? सापाचे पिल्लू समजून फावड्याचा एक घाव. त्याच्या नावातच 'देव' आहे, याची त्या क्षणी कोणाला आठवण होत नाही.

असे घाव आपल्यापैकी कितीतरी हातांनी घातले असतील. त्याचे पापनिवेदन करायला कोणी धर्मगुरूंकडे गेल्याचे आमच्या ऐकिवात नाही, आणि भीतीपोटी घातलेल्या घावाला मोठे पाप म्हणावे असे आमचे म्हणणेही नाही. परंतु घाव घातल्यावर 'बरे झाले' एवढेच मनात येते आणि 'हे कोण होते' हा प्रश्न येतच नाही, याची खंत वाटायला हवी. तो प्रश्न लहान मूल विचारते. आपण मोठे होता होता तो कुठेतरी हरवतो.

सॅलमँडरचा अभ्यास करणाऱ्यांमध्ये एक शिस्त पाळली जाते. ओंडका हळुवार उचलायचा, पाहायचे ते पाहायचे, मोजायचे ते मोजायचे, आणि तो जसा होता तसाच पुन्हा ठेवायचा. ठेवताना खालचा जीव चिरडू नये म्हणून त्याला आधी बाजूला घ्यायचे, ओंडका जागच्या जागी बसवायचा आणि मग त्याच्या कडेशी त्याला सोडायचे. तो आपल्या पायांनी आत जातो. परसातला ओंडका हलवणे आपल्याला प्रत्येक वेळी टाळता येईल असे नाही. पण पुढच्या खेपेस मूल शेजारी उभे राहून "हे काय आहे?" असे विचारील, तेव्हा फावडे उचलण्याआधी त्याच्याबरोबर दोन क्षण खाली बसावे, ठाऊक असल्यास नाव सांगावे, ठाऊक नसल्यास तसे सांगावे, आणि ज्या ओंडक्याचे आपल्याला काही काम नाही तो दोघांनी मिळून पुन्हा जागच्या जागी ठेवावा.